ओहोटीला पाणी धरून ठेवा

(विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, दोनचार शिव्या तेवढ्या काढल्या.)



तुमच्या पत्रात विषय दिला होता – विद्यापीठातल्या विद्यार्थी जीवनाचे चढ-उतार. वाचून मी आधी हसलो. मग जेवणाच्या सुट्टीत टोळीतल्या पोरांना वाचून दाखवला. तेही हसले. कारण चढ-उतार हा तर आमचा धंदा. बोटीतला माल उतरवायचा, ट्रकवर चढवायचा. आजा तेच करीत मेला, बाप तेच करता करता कमरेतून गेला, मी तेच करतोय. मुकादम म्हणाला, "जा लेका, ह्या विषयावर तुझ्याएवढा तज्ज्ञ त्यांना कुठं गावणार!"

तर हा तज्ज्ञ तुमच्यापुढं उभा आहे. शिक्षण दहावी. आमचा आजा त्याला मॅट्रिकच म्हणायचा, आणि असा म्हणायचा की जणू मी बॅरिस्टर झालोय. म्हणून मीही मॅट्रिकच म्हणतो. 1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. मी मॅट्रिक झालो तेव्हा मुकादमानं मला हातमोज्यांचा जोड दिला. हातमोजे तीन महिन्यांत फाटले. हात अजून आहेत.

तुम्ही मला कवी म्हणून बोलावलंय हे मला ठाऊक आहे. पण आज मी कविता म्हणणार नाही. कवितेला टाळ्या पडतात आणि माणसं चहाला जातात. आज हिशेबाचं बोलायचंय. त्यात माझ्या एका चुकीचाही हिशेब आहे. तो लपवणार नाही.

आधी गोदी समजून घ्या. तुमच्यापैकी बहुतेकांनी गोदीची भिंत बसमधून पाहिली असेल, आत कुणी आलेलं नसेल. समुद्राला दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. मुंबईच्या बंदरात मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याचा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, म्हणजे एका मजल्याहून जास्त. आता एवढी मोठी बोट धक्क्याला लागलीय, पोटात लोखंडाच्या कॉईल आहेत, आणि पाणी एक मजला खाली गेलं तर काय होईल? बोट तळाला टेकेल. म्हणून इंग्रजांनी 1914 साली जी अलेक्झांड्रा गोदी उघडली, तिला दरवाजे ठेवले. तिलाच आज इंदिरा गोदी म्हणतात. भरतीचं पाणी आत घ्यायचं, दरवाजे लावायचे. बाहेर ओहोटी लागली तरी आत पाणी धरलेलं असतं. बोट तरंगत राहते, माल उतरत राहतो, साहेबाचा नफा थांबत नाही.

आणि तिथनंच थोडं पुढं दारूखान्याकडं जा. ओहोटीच्या वेळी बघा. होड्या चिखलात एका कुशीवर पडलेल्या दिसतील. पाऊलभर हलत नाहीत. त्या होड्या नालायक आहेत म्हणून पडल्यात का? त्यांची मेरिट कमी पडली का? नाही. समुद्र एकच, ओहोटी एकच. फक्त एकीला दरवाजा आहे, दुसरीला नाही.

विद्यार्थी जीवनाच्या चढ-उताराबद्दल मला एवढंच सांगायचंय. चढ-उतार सगळ्यांना असतात. श्रीमंताच्या पोराचाही पेपर जातो, त्याचंही मन मोडतं, त्यालाही घरची आठवण येते. पण त्याच्या घराला दरवाजे आहेत. बापाचं बँकेतलं पाणी, आईचं इंग्रजी, मामाची ओळख, पुण्यातला फ्लॅट – ओहोटी लागली की दरवाजे बंद, पोरगं तरंगतंय. आपलं पोरगं पहिल्याच ओहोटीला चिखलात. वरून त्याला सांगतात, तू डिप्रेस आहेस, तू कमकुवत आहेस, योगा कर!

आता माझ्या घराची गोष्ट.

माझा आजा परभणीकडचा. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून फोडून मुंबईला आला आणि गोदीत लागला. बापाची कंबर गेली तेव्हा घरात एकच प्रश्न होता – दोघांतलं शिकणार कोण? मी, की माझ्याहून चार वर्षांनी धाकटी बहीण? मी गोदीत गेलो, ती शाळेत राहिली. त्याग-बिग म्हणू नका. मला गणित येत नव्हतं, तिला येत होतं. एवढाच निकाल.

ती मुंबईत बी.ए. झाली. अर्थशास्त्र घेतलं, कारण बाबासाहेबांनी घेतलं होतं. मग एम.ए.ला बाहेरच्या एका शहरात विद्यापीठात गेली. त्या शहराचं नाव मी घेत नाही, विद्यापीठाचंही नाही. नाव घेतलं की तुम्ही म्हणाल, ते वाईट, आमचं बरं. तेवढी सुटका मी तुम्हाला देणार नाही.

चढ आधी सांगतो, कारण चढ होते. रडगाणंच गायला मी आलेलो नाही.

पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. "दादा, इथं लायब्ररीत कपाटं उघडी असतात. कुणाला विचारावं लागत नाही. आपण आपलं जायचं आणि पुस्तक काढायचं." ही गोष्ट ती मला दहा मिनिटं सांगत होती. मी शेडच्या कोपऱ्यात डबा उघडून बसलेलो. मला समजेना, एवढं काय त्यात? मग ध्यानात आलं. आमच्या खोलीत एकच फळी आहे. त्या फळीवर पुस्तकं, पिठाचा डबा आणि बापाच्या गोळ्या शेजारी शेजारी. तिनं पहिल्यांदा अशी जागा पाहिली होती जिथं फळीवर फक्त पुस्तकं होती.

मग रोजचं सुरू झालं. माझी जेवणाची सुट्टी आणि तिची दुपारची सुट्टी एकाच वेळी. ती जे शिकायची ते मला फोनवर सांगायची. मागणी, पुरवठा, नफा, मजुरी. मजुरीवर आमचं भांडण व्हायचं. ती पुस्तकातलं सांगायची, मी पाळीतलं. ती म्हणायची, "दादा, हे आमच्या सरांना सांगते." आणि खरंच सांगायची. एक प्राध्यापक होते, त्यांनी वर्गात तिला उभं करून बोलायला लावलं, कंत्राटी मजुरीवर. त्या दिवशी ती फोनवर नुसती हसत होती. तो चढ होता. माझाही होता. मी विद्यापीठात न जाता वर्गात पोचलो होतो.

तिनंच मला 1917 ची गोष्ट नीट सांगितली. बाबासाहेब आपल्याला कोटातले, पुतळ्यातले माहीत. तिनं विद्यार्थी बाबासाहेब सांगितले. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड. तिथून 1916 ला लंडनला. आणि 1917 ला शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. माणूस तोच, डोकं तेच, फक्त पैसा थांबला आणि अभ्यास थांबला. येताना पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवली होती. पहिलं महायुद्ध चालू होतं. जर्मन पाणबुडीनं ती बोट बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली. हरवलेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याला जायचा खर्च निघाला. आणि बडोद्यात कोलंबियाचा हा स्कॉलर राहायला खोली शोधत फिरला. जात लपवून पारशाच्या धर्मशाळेत राहावं लागलं. तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवर पाच तास बागेत बसून काढले.

हे ऐकलं तेव्हा मी धक्क्यावर होतो. मी त्या पेट्यांचा विचार करीत राहिलो. त्या मुंबईला लागल्या असत्या तर आमच्यासारख्याच कुणी हमालानं उतरवल्या असत्या. त्याला कळलंही नसतं की पाठीवर काय आहे. त्या पेट्या कुणीच उतरवल्या नाहीत.

तर 1917 चा तो उतार. त्यात बाबासाहेबांचा दोष किती? शून्य. आणि चढ परत कसा आला? सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना ह्या पारशी मित्रानं कर्ज दिलं, तेव्हा 1920 ला पुन्हा लंडन. 1923 ला डी.एससी. बुद्धी तर होतीच. पण बुद्धीच्या खाली पाणी धरायला चार हात लागले. बाबासाहेबांना लागले, मग आपल्याला लागले तर लाज कसली?

आता उतार.

पहिला उतार खोलीचा. वसतिगृहाच्या यादीत तिचा नंबर लागला नाही. बाहेर खोली बघायला गेली. एका बाईंनी खोली दाखवली, नळ दाखवला, भाडं ठरलं. मग आडनाव विचारलं. मग म्हणाल्या, "अगं हो, मी विसरलेच, भाच्याला द्यायचीय ही खोली." अशा तीन घरांत तीन भाचे निघाले. 1917 ला काठ्या होत्या, आता भाचे आहेत. शेवटी गावाबाहेर चौघींत एक खोली मिळाली. विद्यापीठ सात किलोमीटर.

दुसरा उतार पैशाचा. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये असं कागदावर आहे. भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. तिनं दोन्ही अर्ज भरले. ऑनलाइन. सगळे दाखले जोडले. ऑगस्ट गेला, दिवाळी गेली. पडद्यावर एकच ओळ – अर्ज प्रलंबित. कारकुनाला विचारलं तर, "वरून आलं नाही." वर म्हणजे कुठं? आमच्या गोदीत वर म्हणजे क्रेन. तिथं निदान ड्रायव्हर दिसतो.

तिसरा उतार बोलण्याचा. बी.ए. मराठीतून. इथं सेमिनार इंग्रजीत. ती उभी राहायची, डोक्यात सगळं असायचं, तोंडात येईपर्यंत दुसरा बोलून मोकळा. एकदा प्रवेशाची रँक विचारली कुणीतरी. सांगितली. तर म्हणे, "अच्छा, म्हणजे कॅटेगरी." बस. एवढंच. शिवी नाही, काही नाही. पुढच्या सेमिनारला ती मागच्या बाकावर गेली.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फोनवर ती फक्त "बरंय" म्हणायची. दुपारचे फोन कमी झाले. मला वाटलं, मोठी झाली, आता भाऊ कशाला लागतोय.

आणि मग जानेवारीत, मी रात्रपाळीला असताना फोन आला. "दादा, मला नाही जमत. मी परत येऊ का?"

आता माझी चूक ऐका. त्या दिवशी आमची पाळी फुकट गेली होती. बोट आली नव्हती, आणि कंत्राटी माणसाला बोट नाही तर पगार नाही. मी म्हणालो, "परत? दोन वर्षं ओव्हरटाइम मारलाय तुझ्यासाठी. इतके इतके घातलेत." आणि मी आकडा सांगितला. पैशाचा आकडा. मी, कवी! शोषणावर कविता करणारा! सावकार बोलतो त्या आवाजात मी बहिणीशी बोललो.

ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

अकरा दिवस फोन नाही. मी पण केला नाही. आईनं चार वेळा विचारलं. शेवटी म्हणाली, "कामून बोल्लास रं तिला आसं? लेकरू परमुलखात हाय. पैका काय, तुह्या बापाची कंबर गेली तव्हा बी नव्हता." तरी मी ताठच.

मग 17 जानेवारी आली. आमच्या वस्तीतली पोरं दरवर्षी त्या दिवशी रोहित वेमुलाचा फोटो लावून मेणबत्त्या लावतात. 2016 साली ह्याच तारखेला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातला हा संशोधक विद्यार्थी आपल्यातून गेला. त्याला आणि त्याच्या चार साथींना वसतिगृहाबाहेर काढलं होतं. त्याची सात महिन्यांची फेलोशिप, 1,75,000 रुपये, थकली होती. शेवटच्या पत्रातही त्यानं ती थकबाकी लिहून ठेवली. मी पाळीवरून येताना तिथं थांबलो. दरवर्षी थांबतो, घोषणा देतो. त्या दिवशी तोंडातून घोषणा निघेना. फोटोतलं पोरगं हसत होतं. मला एकदम तिचं ते "बरं" ऐकू आलं.

घरी गेलो नाही. तसाच स्टेशनवर गेलो. जनरलच्या डब्यात रात्रभर दाराशी उभा. फोन लावत होतो, बंद होता. त्या रात्रीवर मी कविता लिहिलेली नाही. लिहिणारही नाही.

सकाळी विद्यापीठाच्या गेटवर वॉचमननं अडवलं. "कुठं निघालास? मजूर लोकांना मागचं गेट." मी अंगावरची बंडी पाहिली, तिच्यावर ग्रीस होतं. म्हणालो, "बहीण शिकतीय इथं." तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "जा."

ती लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसलेली होती. जिवंत होती. मित्रांनो, हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. वाळली होती. एक वेळ जेवत होती. मेसचे दोन महिन्यांचे 5,200 थकले होते. मोबाइलचा रिचार्ज संपलेला. एवढं साधं कारण होतं फोन बंद असण्याचं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "दादा, तू जो हिशेब सांगितलास तो मी रोजच मांडत होते. तुझ्याकडून मला हिशेब नको होता रे."

एवढ्यात तिच्या खोलीतल्या तिघी आल्या. मी उठून जयभीम केला. त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. कारण तिनं सांगितलं होतं, भाऊ पोर्टमध्ये ऑफिसर आहे. तिची मान खाली गेली. सगळे गप्प. मग त्यातली एक म्हणाली, "माझे बाबा वीटभट्टीवर आहेत. मी कॉन्ट्रॅक्टर सांगितलं होतं." दुसरीची आई शहरात धुणंभांडी करीत होती. तिसरीचे वडील गावात ढोर ओढायचं काम करायचे आणि ती सगळ्यांना शेती सांगायची. चौघी एका खोलीत सहा महिने राहिल्या आणि चौघींनी एकमेकींपासून आपापला बाप लपवला!

मग पैशाचं निघालं. चौघींचीही शिष्यवृत्ती अडकलेली. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याच अर्जात काहीतरी चुकलंय. आपलीच लायकी नाही. प्रत्येक जण एकटी एकटी जाऊन कारकुनाचं ऐकून येत होती. रात्री पांघरुणात रडायच्या, तेही आवाज न करता, शेजारणीला कळू नये म्हणून. शेजारीण जागीच असायची. तीही रडत असायची.

मी गोदीतला माणूस. मला एक गोष्ट कळते. कॉईल एकट्यानं हलत नाही. टोळी लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजण कचेरीत गेलो. अर्ज लेखी केला. पोच मागितली. कारकून म्हणाला, पोच कशाला? मी म्हणालो, "साहेब, गोदीत एक गोणी आत-बाहेर झाली तरी टॅली होते. हे तर पोरींचं वर्ष आहे." शिक्का मारला त्यानं. संगणकात शोधलं. तर त्या विभागातल्या कितीतरी अर्जांना पुढं पाठवायचं बटणच कुणी दाबलं नव्हतं. अर्ज 'वर' गेलेच नव्हते. तिथंच, त्याच टेबलावर पडून होते. एका बटणापायी माझी बहीण स्वतःला नालायक समजत होती.

आता तुम्हाला वाटेल, मग सगळं सुरळीत झालं. नाही झालं. पैसे एप्रिलमध्ये आले, तेही एकच हप्ता. तोवर तिचा एक पेपर गेला. पुढच्या खेपेला परत दिला, निघाला. तोवरचं कसं भागलं? त्या चौघींनी मेस सोडली, एक स्टोव्ह घेतला, आळीपाळीनं स्वयंपाक. हळूहळू आणखी पोरी येऊन मिळाल्या, नऊ झाल्या. एक वही केली. कुणाचा अर्ज कुठं अडकलाय, तारीख, शिक्का, सगळं वहीत. मंगळवारी सगळ्यांनी मिळून कचेरीत जायचं. त्या वहीनं ज्यांची वर्षं वाचली, त्यांची नावं कुठल्या पेपरात आली नाहीत. पण माझ्या दृष्टीनं ती वही म्हणजे गोदीचा दरवाजा आहे.

मित्रांनो, असे दरवाजे आपल्या माणसांनी आधीही बांधले. आपणच विसरलो. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते. 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते सकाळचं काढलं. का? तर दिवसा नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावं म्हणून. 1950 ला औरंगाबादला मिलिंद. 1972 ला वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात पोरं रात्ररात्र बसून भांडायची, लिहायची, तिथनं दलित पँथर उभी राहिली. एका वसतिगृहातल्या खाटांनी महाराष्ट्र हलवला! आणि 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, तर मराठवाड्यात आपली घरं जाळली. पोचिराम कांबळेला मारलं. 1993 ला गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं. एका विद्यापीठाच्या पाटीसाठी सोळा वर्षं माणसं मेली, त्यातली कित्येक माणसं शाळेची पायरीही चढलेली नव्हती. विद्यापीठ आपलं आहे हे त्यांना कळत होतं. तुम्हाला आत बसून का कळू नये?

2019 साली रोहितची आई राधिका वेमुला आणि पायल तडवीची आई आबेदा तडवी, दोघी मिळून सुप्रीम कोर्टात गेल्या, की कॉलेजांतला भेदभाव रोखायचे नियम नुसते कागदावर ठेवू नका. आपली लेकरं गेल्यावर त्या तुमच्यासाठी उभ्या राहिल्या. 2023 ला बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक पोरं-पोरी आझाद मैदानात येऊन बसली. मी पाळी सुटल्यावर ग्रीन गेटमधून चालत तिकडं जायचो. एक पोरगी डांबरावर बसून प्रबंधाचं प्रकरण तपासत होती. शेजारी घोषणा चाललेल्या, हिची पेन्सिल चाललेली. मला वाटलं, हिला कुणीतरी पाणी द्यावं. दिलं.

आता शेवटचं, आणि थोडं कडू.

आपल्यातल्या पुढाऱ्यांना आणि मंडळांना. चौदा एप्रिलला डीजे लावता, जरूर नाचा, मीही नाचतो. पण एका रात्रीच्या डीजेत किती पोरींची मेस भरते ह्याचा हिशेब एकदा पाटीवर लिहा. जयंतीच्या मांडवाशेजारी एक टेबल टाका, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं. 

नोकरीला लागलेल्या आपल्या साहेबांना. तुम्ही चढलात, अभिनंदन. पण शिडी वर ओढून घेऊ नका. आडनाव बदलून सोसायटीत राहता, राहा, तो तुमचा नाइलाज असेल. पण महिन्यातला एक दिवसाचा पगार खालच्या ओहोटीला द्या.

आमच्यासारख्या भावांना, बापांना. पोरगं "नाही जमत" म्हणालं तर पहिला प्रश्न "जेवलास का?" असा विचारा. पैशाचा आकडा तोंडातून काढू नका. मी काढला होता. ते अकरा दिवस माझ्या खात्यावर आहेत, ते कधी फिटायचे नाहीत.

आणि तुम्हाला. आपला बाप लपवू नका. तो हमाल असेल, सफाई करत असेल, वीट थापत असेल. तो लपवलात की तुम्ही एकटे पडता, आणि एकट्याला चिखलात बसवणं फार सोपं. शेजारच्या खाटेवरचा रात्री जागा असेल तर उठवून विचारा. लायकीचं कुणी बोललं तर त्याला त्याच्या घरातला दरवाजा दाखवा. मन फारच खाली गेलं तर त्या रात्रीच कुणालातरी गाठा. मित्राला, मास्तरला, डॉक्टरला, मला. गोदीत मोबाइल चालतो.

तुमचा उतार हा तुमचा दोष नाही. आणि तुमचा चढ तुमच्या एकट्याचा नाही. दोन्ही वाक्यं सोबत ठेवा, एक घेऊन दुसरं टाकू नका.

बहीण आता एम.ए. झालीय, नेटचा अभ्यास करतीय. निघेल, नाही निघेल. दुपारचे फोन परत सुरू झालेत. परवा मजुरीवरून पुन्हा भांडलो. तिचंच बरोबर होतं, पण मी अजून कबूल केलेलं नाही.

मला आता निघायला पाहिजे. रात्रीची पाळी आहे, भरतीला बोट आत घेणार आहेत.

जयभीम.